एकवीस पराभवांची वही

१० जुलै २०२४ रोजी शिकागो व्हाइट सॉक्स या आमच्या बेसबॉल संघाचे मिनेसोटा ट्विन्सशी एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्या सामन्यात शेवटच्या इनिंगला मायकेल कोपेक पिचिंगला आला आणि त्याने मोजून नऊ चेंडूंत तीन बॅटर परत पाठवले. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद; इथे नऊच्या नऊ स्ट्राइक, एकही चेंडू वाया नाही. तो सामना आम्ही ३-१ असा जिंकला. दुसरा सामना आम्ही ३-२ असा हरलो, आणि तेव्हापासून ६ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत आमच्या संघाने एकही सामना जिंकला नाही. सलग एकवीस पराभव. 'आम्ही' या शब्दाला माझ्या पत्नीचा जुना आक्षेप आहे. "तू कुठे खेळायला गेला होतास?" असे ती विचारते, आणि त्या महिन्यात तिने ते जरा जास्तच वेळा विचारले.

हा संघ माझ्या वाट्याला कसा आला, ते आधी सांगायला हवे. मी ऑगस्ट २००५ मध्ये सांगलीहून शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आलो. तिचेही लघुरूप आयआयटीच होत असल्यामुळे गावाकडचे काही नातेवाईक आजही समजतात की मी पवईचा मोठा हुशार विद्यार्थी होतो, आणि मी ते खोडून काढण्याच्या फंदात पडत नाही. विद्यापीठाच्या पश्चिमेला महामार्ग आहे आणि तो ओलांडला की पस्तिसाव्या रस्त्यावर व्हाइट सॉक्सचे मैदान. तिथला स्कोअरबोर्ड आमच्या बाजूच्या होम रनला, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्याला, फटाके उडवतो. ही पद्धत बिल व्हेक या मालकाने १९६० साली जुन्या मैदानात सुरू केली होती. वसतिगृहाच्या खोलीत अभ्यासाला बसलेलो असताना खिडकीबाहेर फटाके वाजले की मला घरच्या दिवाळीची आठवण होऊन गलबलून येत असे. खेळातले ओ की ठो कळत नव्हते, तेव्हापासून मी त्या आवाजाची वाट पाहायला लागलो होतो. त्याच ऑक्टोबरात सॉक्सनी ह्यूस्टनला सलग चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली, १९१७ नंतर पहिल्यांदा. येऊन जेमतेम दोन महिने झालेल्या मुलाला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या प्रतीक्षेचे फळ फुकटात मिळाले. वाट पाहिलेल्या म्हाताऱ्यांना मी रस्त्यावर रडताना पाहिले आणि मला त्यांच्यासमोर थोडे ओशाळल्यासारखे झाले होते. त्या फुकटच्या फळाची किंमत पुढे कधीतरी वसूल होणार, ही शंका तेव्हाच मनात येऊन गेली होती.

वसुली २०२४ मध्ये झाली. त्याआधीच्या वर्षीच संघाने एकशे एक सामने गमावले होते. २०२४ च्या पहिल्या पंचवीस सामन्यांत फक्त तीन जिंकले. मे-जूनमध्ये सलग चौदा हरले. क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. म्हणजे सुट्टी अशी जवळजवळ नसतेच. कसोटी हरल्यावर माणसाला सुतक पाळायला आठवडा तरी मिळतो. इथे रात्री दहाला हरलेला संघ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा मैदानात उभा असतो, आणि अनिर्णित हा प्रकार नाही. चांगले संघसुद्धा साठ-साठ सामने हरतात, त्यामुळे पराभव पचवणे हा या खेळाच्या चाहत्याचा नित्यक्रमच असतो. मात्र पचनशक्तीला मर्यादा असते.

त्या चौदा पराभवांपैकी एक, २३ मेचा, मी मैदानात बसून पाहिला. बरोबर माझी अकरा वर्षांची मुलगी होती. या मैदानावर मक्याचे दाणे कणसावरून कापून त्यावर लोणी, चीज, तिखट आणि लिंबू घालून देतात. कृष्णाकाठी पावसात खाल्लेल्या भाजक्या कणसाची त्याला सर नाही, पण लिंबू आणि तिखट ओळखीचे असल्यामुळे मी ते न चुकता घेतो. बाल्टिमोर ओरिओल्स ८-६ असे पुढे होते, शेवटची इनिंग, एक बाद, आमचे दोन खेळाडू धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर. अँड्र्यू बेनिनटेंडीने चेंडू सरळ आभाळात उडवला. अशा वेळी क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोघांना बाद करण्याची लबाडी करू नये म्हणून एक नियम आहे: चेंडू खाली येण्याआधीच अंपायर बॅटरला बाद जाहीर करतो. तसे त्याने केले. दोन बाद, खेळ संपायला अजून एक. मात्र दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू व्हॉन झेल घ्यायला निघालेल्या शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाच्या वाटेत उभा होता, त्यामुळे अडथळ्याबद्दल तोही बाद, आणि सामना संपला. झेल बिनबोभाट घेतला गेला होता, कोणी कोणाला धक्का दिला नव्हता, आणि हजारो माणसे काय झाले हे न कळून एकमेकांकडे पाहत होती. मुलीने विचारले, "बाबा, आपण आत्ता कसे हरलो?" माझ्याकडे उत्तर होते, ते द्यायला मात्र पुढचे स्टेशन येईपर्यंतचा वेळ लागला. पराभव सोसायचा असेल तर तो आधी नीट समजून घ्यावा लागतो, हे तेव्हा सुचायला हवे होते. ते सुचले जुलैत, आणि तेही दोन आठवडे वाया घालवल्यावर.

जुलैची मालिका सुरू झाल्यावर पहिले काही दिवस मी चिडचिड केली. टीव्हीसमोर बसायचे, सहाव्या इनिंगला उठायचे, रिमोट सोफ्यावर आपटायचा आणि भांडी घासायला घ्यायची. पत्नीचे म्हणणे असे की, त्या आठवड्यात आमच्या घरातल्या कढया लग्नात होत्या तशा झाल्या. त्यानंतर मी पाहणे बंद केले. हे सोपे वाटते, पण ज्याने सामना न पाहण्याचे ठरवले आहे तो माणूस सामना पाहणाऱ्यापेक्षा जास्त वेळ त्यातच असतो. जेवताना फोन उपडा ठेवायचा, मग हात धुण्याच्या निमित्ताने उठून न्हाणीघरात तो उलटायचा. आकडा वाचायचा आणि परत येऊन काहीच झाले नाही असा चेहरा करायचा. एकदा मुलगीच म्हणाली, "बाबा, चेहऱ्यावरून कळते रे." टेक्ससमध्ये रेंजर्सविरुद्ध आम्ही ओळीने चार हरलो, त्यातले तीन एकेका धावेने. ते मी एकही पाहिले नाहीत. फक्त शेवटचे आकडे पाहिले. चारही रात्री मला झोप लागली नाही, आणि प्रत्यक्षात मला एवढेच ठाऊक होते की आपला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान आहे.

यातून बाहेर पडण्याची वाट मला वडिलांमुळे सापडली. बाबा महाराष्ट्राच्या रणजी संघाचे चाहते होते. ज्यांना ही जमात माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्राने रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली, आणि त्यानंतर आजतागायत नाही. शेजारची मुंबई करंडकामागून करंडक नेत असताना महाराष्ट्राचा चाहता राहणे म्हणजे काय, हे बाबांकडे पाहून कळत असे. १९९२-९३ ला संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि पंजाबकडून हरला. मी शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वर्तमानपत्रातला धावफलक कात्रीने कापला, खळीने एका जुन्या हिशेबाच्या वहीत चिकटवला, आणि पेन्सिलीने त्यावर खुणा करत बसले. कोण कसा बाद झाला, भागीदारी कुठे तुटली. मला वाटले होते की ते चिडतील. ते लेखनिकासारखे काम करत होते. २०१४ साली कर्नाटकाने अंतिम सामन्यात आपल्याला हरवले तेव्हा कात्रण लावायला बाबा नव्हते, आणि ती वहीही कुठे गेली ते आईला आठवत नाही.

मी कपाटातून दोनशे पानी वही काढली. बेसबॉलचे स्कोअरकार्ड लिहायला छापील पुस्तके मिळतात, पण मला रेघा स्वतः मारायच्या होत्या: डावीकडे नऊ बॅटरांची नावे, पुढे नऊ इनिंगांचे नऊ रकाने, प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने काढलेला छोटा हिरा. खेळाडू जितके बेस पुढे जाईल तितक्या हिऱ्याच्या बाजू गडद करायच्या; धाव पूर्ण झाली की हिरा भरून टाकायचा. क्षेत्ररक्षकांना नावे नसतात, क्रमांक असतात: पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा. बॅटर स्ट्राइकवर बाद झाला की 'के' लिहायचा, आणि त्याने बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक नुसता पाहिला असेल तर तो 'के' उलटा काढायचा. उलटा 'के' काढताना हाताला एक वेगळीच अवघड जाणीव होते. त्या माणसाने प्रयत्नही केला नाही, असे कागद कायमचा म्हणू लागतो. सुरुवातीला सरावासाठी मी २३ मेचा तो सामना आठवणीतून लिहून पाहिला. शेवटच्या दोन चौकटींपाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. मग दोन्हींत सहाचा आकडा लिहिला, आणि समासात बारीक अक्षरात 'अडथळा' असे लिहून खाली रेघ मारली.

स्वतःसाठी दोन-तीन बंधने घातली. सामना सुरू केला की सत्ताविसावा बळी जाईपर्यंत वही मिटायची नाही. पानावर मालिकेचा आकडा लिहायचा नाही. तो अकरावा पराभव आहे की सोळावा, हे सांगायला सगळे जग मोकळे होते. आणि टीव्हीऐवजी शक्यतो रेडिओ, कारण रेडिओवर चेहरे दिसत नाहीत. डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकांवर, खाली मान घालून बसलेली मुले मला फार वेळ बघवत नसत.

वहीत जे दिसले ते अंतिम आकड्यात दिसले नव्हते. पहिल्या पाच-सहा इनिंगांची पाने पुष्कळदा बरी असत. गॅरेट क्रोशे पिचिंगला असला की समोरच्या संघाच्या चौकटींत 'के' ची रांगच लागे. सातव्या इनिंगपासून पान काळवंडू लागे: एक फुकटचा बेस, एक सोडलेला चेंडू, आणि मग एक फटका. आमचा संघ रोज नव्या पद्धतीने हरतो असे लोक थट्टेने म्हणत, आणि माझ्यापुरते ते अक्षरशः खरे ठरले. एकाच दुःखाचा एकवीस वेळा मार बसतो आहे असे मला वाटत होते. पानांवर वेगवेगळे प्रसंग होते, त्यांतल्या काहींत आमचा एखादा नवखा मुलगा आयुष्यातला पहिला चांगला झेल घेत होता. रात्री वही मिटली की मला झोप येऊ लागली. दुःख कमी झाले होते असे मी म्हणणार नाही, पण त्याला आकार आला होता.

२९ जुलैला आणखी एक पान मध्येच वेगळे झाले. त्या दिवशी कोपेकला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आणि एरिक फेडे व टॉमी फॅम यांना सेंट लुइसकडे देऊन टाकण्यात आले. ज्याच्या नऊ चेंडूंवर शेवटचा आनंद झाला होता तोच निघून गेला, आणि ऑक्टोबरमध्ये डॉजर्सबरोबर विश्वविजेताही झाला. आमच्या क्लबच्या सलग पराभवांच्या १९२४ पासूनच्या पंधराच्या विक्रमाशीही त्याच दिवशी बरोबरी झाली. तोवर आई या प्रकरणात शिरली होती. आमच्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेआठ झालेले असतात. तिचा दुसरा चहा आणि माझ्या सामन्याचा शेवट एका वेळी येतो. तिला बेसबॉल कळत नाही, कळून घ्यायचाही नाही, पण फोन उचलताच ती विचारी, "हरले का रे आजपण?" मी हो म्हटले की ती "बरं" म्हणून दूधवाल्याकडे वळे. सांत्वन करणाऱ्या माणसांपेक्षा मला ते "बरं" फार उपयोगी पडले.

४ ऑगस्टला मिनेसोटाने १३-७ असे हरवले, तो विसावा. सलग वीस पराभव याआधी १९८८ साली बाल्टिमोरच्या वाट्याला आले होते, आणि त्यांनी तर हंगामाची सुरुवातच एकवीस पराभवांनी केली होती. आमचा संघ ज्यात खेळतो त्या अमेरिकन लीगमधला तो विक्रम, आणि विसाव्या शतकापासूनचा सगळ्यात मोठा आकडा १९६१ च्या फिलाडेल्फिया फिलीजचा, तेवीस. ५ ऑगस्टला ओकलंडमध्ये आम्ही ५-१ असे हरून बाल्टिमोरची बरोबरी केली. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना असल्यामुळे संपायला अकरा वाजून गेले होते. आईला म्हटले, "एकवीस झाले." ती जरा थांबली. सांगलीच्या माणसाच्या कानावर एकवीस हा आकडा पडला की मन कुठे जाते हे सांगायला नको. "एकवीस झाले ना?" ती म्हणाली, "मग आता पुरे. गणपतीलासुद्धा एकवीसच मोदक लागतात. बाविसावा काही तो मागत नाही."

मी सश्रद्ध माणूस नाही, आणि ओकलंडच्या मैदानावर गजाननाचा प्रभाव चालतो असा माझा दावाही नाही. मात्र ६ ऑगस्टला रात्री पावणेनऊच्या सुमारास वही उघडताना मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात, नियम मोडून, बारीकशी एक दूर्वा काढली. जोनाथन कॅनन हा तरुण पिचर सहा इनिंगा टिकला आणि त्याने एकच धाव दिली. बेनिनटेंडीने दोन धावांचा होम रन मारला. तोच बेनिनटेंडी, ज्याने मेमध्ये चेंडू आभाळात उडवला होता. हिरा भरताना पेन्सिलीचे टोक मोडले. घरात सगळे झोपलेले असल्यामुळे मला टोक करायला स्वयंपाकघरात अंधारात सुरी शोधावी लागली, आणि त्या गडबडीत आठव्या इनिंगचा एक बळी लिहायचा राहिला. ती चौकट आजही कोरी आहे. शेवटचा बळी गेला तेव्हा आम्ही ५-१ असे जिंकलो होतो. आदल्या रात्रीचाच आकडा, फक्त उलटा. मी ओरडलो नाही. आईला फोन लावला, तर तिने आधीच "जिंकले वाटतं" असे म्हटले. मी नेहमीपेक्षा चार मिनिटे लवकर फोन केला होता म्हणे.

दोन दिवसांनी व्यवस्थापक पेद्रो ग्रिफोल यांना काढले आणि ग्रेडी साइझमोर यांच्याकडे उरलेला हंगाम सोपवला. त्याने फार काही बदलले नाही. ऑगस्टअखेरीस पुन्हा बारा पराभवांची एक मालिका आली, पण तिच्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे थोडेच आहे, कारण तोवर वही अंगवळणी पडली होती. सगळे लक्ष आता दुसऱ्या आकड्याकडे लागले होते. १९६२ साली नव्याने सुरू झालेल्या न्यूयॉर्क मेट्सनी १२० सामने गमावले होते आणि आधुनिक काळातला तो नीचांक बासष्ट वर्षे टिकला होता. २२ सप्टेंबरला सॅन डिएगोमध्ये आम्ही त्याची बरोबरी केली. आता घरच्या मैदानावर तीन सामने होते, आणि विक्रम आपल्या डोळ्यांदेखत व्हावा म्हणून माणसे तिकिटे काढून येत होती. २४ तारखेला मीही गेलो, वही पिशवीत घालून. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांच्याही मांडीवर स्कोअरबुक होते, छापील. आम्ही दोघांनी एकमेकांच्या पानांकडे तिरक्या नजरेने पाहिले, परीक्षेच्या हॉलमध्ये पाहतात तसे. त्यांचा उलटा 'के' माझ्यापेक्षा सुबक होता.

आठव्या इनिंगपर्यंत आम्ही दोन धावांनी मागे होतो आणि प्रेक्षक संघ विकून टाका अशा घोषणा मालकाला उद्देशून देत होते. मग आमच्या मुलांनी त्या एकाच इनिंगमध्ये तीन धावा केल्या आणि सामना ३-२ असा जिंकला. पराभव पाहायला आलेल्या माणसांना विजय मिळाला की ती किती गोंधळतात, हे मी त्या रात्री पाहिले. काहींनी टाळ्या वाजवल्या, काही खरोखर नाराज झाले. माझ्या मागच्या रांगेतल्या एका तरुणाला तर उद्याचे तिकीट काढावे लागणार याचाच राग आला होता. उद्याही आम्ही जिंकलो, आणि परवाही. एकशे एकविसावा पराभव अखेर २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये झाला, त्याच रात्री डेट्रॉइटचा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचला म्हणून तिथे जल्लोष चालला होता. ते पान मी इतर पानांसारखेच लिहिले. पुढचे दोन्ही सामने आम्ही जिंकले आणि हंगाम ४१ विजय, १२१ पराभव असा संपला. एवढे हरल्याचे बक्षीस म्हणून पुढच्या वर्षीच्या खेळाडू-निवडीत पहिला क्रमांक मिळेल, अशी भाबडी आशा होती. तर पहिले क्रमांक सोडतीने ठरतात, आणि मोठ्या शहराच्या संघाला लागोपाठ दोन वर्षे त्या सोडतीत भाग घेता येत नाही असा नियम निघाला आणि आमची पाळी दहावी लागली. हरण्यातही आम्ही दहावेच.

आईला हंगाम संपल्याचे सांगितले. तिने वहीची चौकशी केली. मी म्हटले, साठेक पाने कोरी उरली आहेत, आता पुढच्या वर्षी छापील स्कोअरबुक घेईन म्हणतो, शेजारच्या गृहस्थांकडे होते तसले. "कोरी पानं टाकून नवी वही घ्यायची नाही," ती म्हणाली, शाळेत असताना म्हणत असे त्याच सुरात. त्यामुळे २७ मार्च २०२५ ला पहिला सामना आला तेव्हा मी जुन्याच वहीत, डेट्रॉइटच्या शेवटच्या पानानंतरच्या पानावर, पट्टीने नऊ रकाने आखले. आम्ही एंजल्सना ८-१ असे हरवले. आठ हिरे भरता भरता पेन्सिल बोथट झाली, या वेळी सुरी आधीच टेबलावर ठेवलेली होती.